वाढई साहेबांचे एकोणीस खड्डे

वाढई साहेबांनी एखाद्या गोष्टीला सरळ 'आहे' म्हटलेलं मी फार कमी ऐकलं. चहा गरम आहे का विचारलं तर कपाला बोट लावून म्हणायचे, "असावा." पाऊस येईल का विचारलं तर आभाळाकडे बराच वेळ पाहून म्हणायचे, "शक्य आहे." आमच्या तांड्यात चार दिवसांत त्यांना नाव पडलं, शक्यसाहेब. ते त्यांच्या कानावर गेलं तेव्हा राग आला नाही. नाव बरोबर असू शकतं, म्हणाले.

मी चौथीपर्यंत शिकलेली बाई आहे. लिहायला बसायचं कारण एवढंच की गेल्या महिन्यात माझ्या नातीनं माळ्यावरून त्यांची लोखंडी घोडी खाली काढली आणि हे भंगारात द्यायचं का म्हणून विचारलं. मी नाही म्हटलं. कोणाची आहे, कशाची आहे, हे तिला सांगायला लागले तर सांगणं संपेना. ती म्हणाली, आजी, लिहूनच काढ. म्हणून लिहिते. त्यांना मोठं करायचा माझा विचार नाही. ते घोरायचे. आंघोळीचा साबण ओल्या दगडावर तसाच टाकून जायचे. कितीदा सांगितलं, तरी तोच साबण, तोच दगड.

ते यवतमाळला राहायचे. नोकरी नकाशे काढायच्या सरकारी कचेरीत केलेली. विमानातून जमिनीचे फोटो काढतात, त्यावरून नद्या, रस्ते, गावं कागदावर उतरवायची, हे त्यांचं काम. नोकरी संपली, पण फोटो पाहायची खोड काही सुटली नाही. उन्हाळ्यात कापूस निघून गेला, रान उघडं पडलं, की ते एसटीनं मुकुटबनला उतरायचे आणि तिथून पायी आमच्या तांड्यावर यायचे. एका खांद्याला कापडी पिशवी, दुसऱ्याला फोटोंची पत्र्याची नळी. उतरायचे माझ्या पडवीत, कारण तांड्यात रिकामी पडवी माझीच. नवरा गेलेला, मुलगा-सून वणीला. दोन वेळची भाकर मी घालायची, आणि ते चार-पाच दिवस रान तुडवायचे. असे सात उन्हाळे आले.

काय शोधता म्हणून मी पहिल्याच दिवशी विचारलं. कारण रानात फिरणारा माणूस एक तर गुप्तधन शोधतो नाही तर कोणाची तरी जमीन. ते म्हणाले, खड्डे. लोखंड माहीत नव्हतं त्या काळी माणसं दगडाची हत्यारं करायची. धार धरेल असा दगड सगळीकडे नसतो. जिथं असतो तिथंही वरचा दगड उन्हापावसानं ठिसूळ झालेला असतो. चांगला पाहिजे तर जमीन खणावी लागते. म्हणजे त्या लोकांच्याही खाणी होत्या. पुढे हजारो वर्षांत खड्डे बुजले, पण पुरते बुजत नाहीत. मधे माती खोल साचते, ओल धरते, गवत जास्त दिवस हिरवं राहतं. भोवती टाकलेला मुरूम पांढरा पडून राहतो. जमिनीवरून चालणाऱ्याला काहीच कळत नाही. वरून पाहिलं तर काळा ठिपका आणि भोवती पांढरी कड.

"तुम्हाला किती सापडले?" मी विचारलं.

"शक्य असे पुष्कळ," ते म्हणाले. "नक्की असा एकही नाही."

मला तेव्हा वाटलं, म्हातारा रिकामा आहे.

वरून सगळंच गोल दिसतं, ही त्यांची नेहमीची तक्रार. म्हशी बसतात ते डबकं गोल, कोळशाची भट्टी गोल, पडकी विहीर गोल. एकदा फोटोत सुंदर पांढरी कड दिसली म्हणून सकाळी निघाले ते सहा मैल चालत राळेगावकडच्या एका शेतात पोचले. त्या उन्हाळ्यात ते तिकडंच फिरत होते, आमच्याकडे यायच्या आधी, पण गोष्ट ते स्वतःच सांगायचे. पाहतात तर ते खळं. शेतकरी झाडाखाली बसलेला. इतक्या लांबून काय पाहायला आले म्हणून त्यानं विचारलं. यांनी खरं सांगितलं. तो शेतकरी म्हणे इतका हसला की त्याच्या बायकोला वाटलं याला काही झालं. मग यांनी दिवसभर त्याच्याबरोबर हरभरा उपणला, जेवले आणि परत आले. वहीत त्या जागेपुढे लिहिलं, 'खळं. हरभरा चांगला.' अशी त्यांची वही. सगळी पेन्सिलीनं. पेन्सिल का, तर खोडता येते. दर पानावर दहा-बारा जागा, निम्म्यांपुढे 'शक्य' आणि बाकीच्या खोडून पुढे 'म्हशी', 'भट्टी', 'विहीर'. चूक निघाली की दुसऱ्या कोणाला राग येईल. हे ती चूक नीट अक्षरात लिहून ठेवायचे.

ती घोडी म्हणजे चार पायांची छोटी लोखंडी चौकट, वर दोन भिंगं. खाली एकाच जागेचे दोन फोटो शेजारी शेजारी ठेवायचे आणि दोन्ही डोळ्यांनी पाहायचं. मला एकदा त्यांनी बोलावून पाहायला लावलं. आधी दोन काळेपांढरे कागद दिसले. डोळे दुखायला लागले. मी उठणार तेवढ्यात ते दोन कागद एकमेकांत सरकले आणि तव्यावर भाकर फुगावी तसा आमचा डोंगर वर आला. नाला खाली गेला. तांड्याचा कडुनिंब उभा राहिला. त्याच्या बाजूला माझं घर, छपरावर कापसाच्या वाळल्या पऱ्हाटीचा ढीग. फोटो जुना, माझा नवरा होता तेव्हाचा. मी म्हटलं, हे माझं घर. ते म्हणाले, शक्य आहे. मी म्हटलं, शक्य कायले, घर माझं आहे.

खड्डा आणि ढीग ओळखायची युक्तीही त्यांनी तेव्हाच सांगितली. सूर्य ज्या बाजूला आहे त्याच बाजूच्या कडेला आत सावली पडली तर खड्डा. पलीकडे पडली तर ढीग. मी परात उन्हात ठेवून पाहिली, एकदा सरळ, एकदा पालथी. बरोबर होतं.

पाचव्या उन्हाळ्यात माझ्या लक्षात आलं की ताटाच्या डाव्या बाजूची चटणी तशीच राहते. आधी वाटलं तिखट होत असेल. मग एक दिवस चटणी उजवीकडे वाढली, तर पुसून खाल्ली. दुसऱ्या दिवशी डावीकडे, तर तशीच. तेव्हापासून सगळं उजवीकडे वाढायला लागले, पाण्याचा तांब्यासुद्धा. काचबिंदू होता. यवतमाळच्या डॉक्टरनं सांगितलं होतं की डावा डोळा जाणार, उजव्याचं पाहू. चालायला एक डोळा पुरतो, भाकर खायला पुरतो. पण त्या घोडीला दोन लागतात. एका डोळ्यानं डोंगर वर येत नाही.

सहाव्या उन्हाळ्यात त्यांना आमच्या माळावरचे खड्डे दिसले. इतकी वर्षं लांबलांबचं रान पाहिलं आणि तांड्याच्या मागचाच माळ राहिला होता. एकोणीस ठिपके, एकोणीस पांढऱ्या कडा. जाऊन पाहिलं तर जमिनीत ताटासारखे खळगे, मधे गवत, भोवती पांढरा मुरूम. आणि कडेला पडलेले दगडाचे कपचे, तपकिरी, धारेचे. माणसानं फोडल्याशिवाय असे निघत नाहीत, म्हणाले. त्या दिवशी ते जेवताना पहिल्यांदा घाईत जेवले.

त्यांनी तांड्यात विचारलं, खड्डे कोणी खणले? आमचा नायक, म्हणजे तांड्याचा मुखिया, रामधन, नात्यानं माझा दीर. त्यानं अंगणात चार जणांना बसवून सांगितलं, "साहेब, लई जुने आहेत. आमच्या आज्यालेही मालूम नव्हतं." बाकीच्यांनी माना हलवल्या. यात खोटं बोलायची आमच्या लोकांची हौस नव्हती. कारण रस्ता होता. पावसाळ्यात तांडा ते मुकुटबन काळ्या मातीत माणूस गुडघ्यापर्यंत रुततो. जुनं काही निघालं तर साहेब लोक येतात, साहेब लोक आले की रस्ता येतो, असं कोणीतरी कुठंतरी पाहून आलं होतं. रामधननं सगळ्या घरी निरोप फिरवला की कोणी तोंड उघडायचं नाही. मीही उघडलं नाही. रस्ता माझ्याएवढा दुसऱ्या कोणाला पाहिजे असेल असं वाटत नाही. माझ्या नवऱ्याला बाजेवर घालून दवाखान्यात नेत होते, तो अर्ध्या वाटेत, चिखलातच गेला. मग मी एका कोराच्या वहीसाठी कशाला बोलू? आमच्यात बाहेरच्याला कोर म्हणतात.

वर्षभर ते त्याच कामात होते. सातव्या उन्हाळ्यात आले तेव्हा जाड कागदांची फाईल घेऊन आले. नागपूरहून दोन जाणकार माणसं पाहायला येणार होती, चार दिवसांनी. ती हो म्हणाली तर ही जागा सरकारच्या यादीत लागणार. तांड्यात आनंद झाला. रामधननं अंगण शेणानं सारवून घेतलं.

दुपारची वेळ होती. मी पडवीत तूर निवडत होते. ते बाजेवर बसून लिहीत होते, आणि हातात पेन्सिल नव्हती. शाईचा पेन होता. एरवी ते शहरातलं बोलायचे, पण मनातलं काही असलं की बोली वऱ्हाडी व्हायची.

"सोनाबाई, आज मी शक्य नाही लिहून राह्यलो," ते म्हणाले. "आज 'आहे' लिहितो."

काहून, मी विचारलं.

"डावा डोळा गेल्यातच जमा आहे. काल घोडी लावली तर नुसता कागद दिसला. चाळीस वर्स फोटो पाह्यले, एक जागा तरी 'आहे' म्हनून लिहावी न माणसानं."

मी तूर निवडत राहिले. दोन-तीन मुठी निवडल्या. हा माणूस खळ्याला खळं लिहिणारा, म्हशीच्या डबक्याला डबकं लिहिणारा. आणि जन्मात एकदा शाईनं लिहायला बसला तर खोटं लिहिणार, तेही आमच्या सांगण्यावरून. नागपूरच्या माणसांनी ओळखलं तर हसू याचं होणार. नाही ओळखलं तर त्याहून वाईट.

"लिहू नका साहेब," मी म्हटलं. "ते पेव आहेत."

"कोनाचे?"

"आमचे. मी सोता उतरलेली आहो एकात."

मग मी सांगितलं. आमचे लोक पूर्वी बैलांवर धान्य आणि मीठ लादून मुलूख फिरायचे. तांडा इथं बसला, शेती लागली, तेव्हा घराला एक याप्रमाणे माळावर पेव खणले. तोंड लहान, पोट मोठं. आत कडबा लावून ज्वारी भरायची, वर दगड, वर माती. उघडलं की एक दिवस तसंच ठेवायचं, मग दिवा सोडून पाहायचा. दिवा विझला तर आत जायचं नाही, माणूसही तसाच विझतो. दिवा टिकला की घरातली हलकी सून उतरवायची. मी नवी होते, हडकुळी होते. सासऱ्यानं कंबरेला दोर बांधून मला सोडलं. आतली ज्वारी आंबट वासाची, ऊबदार. पुढे घरात कोठ्या आल्या, पेव सुटले, दोन-चार पावसाळ्यांत ढासळले.

मला वाटलं आता चिडतील, किंवा एक वर्ष काहून गप्प होती म्हणून विचारतील. त्यांनी पेनचं टोपण लावलं, परत काढलं आणि विचारलं, तोंड किती रुंद होतं? मी हात पसरून दाखवलं. खोल किती? माझ्यासारख्या दोन. दिवा कशाचा? करडीच्या तेलाचा. सगळं लिहून घेतलं. मग खिशातून तो तपकिरी कपचा काढला.

"मग हे कशाचं?"

"सासऱ्याच्या चिलमीचं." सासरा आणि त्याच्या जोडीचे म्हातारे पेवांची राखण करत माळावर बसायचे. काडेपेटी कोण घेणार, चकमक झाडायचे. दगडाची धार गेली की फोडायचे आणि नवी काढायचे. कपचे तिथंच पडायचे.

त्यांनी फाईलमधला वरचा कागद काढला आणि कोरा घेतला. शाईनंच लिहिलं आणि मला वाचून दाखवलं. 'तांड्यामागील माळावरचे एकोणीस खड्डे धान्याचे पेव आहेत. सोनाबाई स्वतः त्यांपैकी एकात उतरल्या आहेत.'

"लिहिलं न 'आहे'," मी म्हटलं.

त्यांनी कागदाकडे पाहिलं. मग हसायला लागले. चष्मा काढून पुसला, परत लावला आणि परत हसले.

आमच्याकडे फोनला रेंज फक्त पाण्याच्या टाकीवर येते. संध्याकाळी ते टाकीची शिडी चढले आणि नागपूरला येऊ नका म्हणून सांगितलं. 'चूक माझी होती,' एवढंच कारण दिलं. तांड्यानं खोटं सांगितलं हे त्यांनी वर चढून कोणालाही सांगितलं नाही. मी खाली शिडी धरून उभी होते, मला ऐकू आलं.

रामधन माझ्या दारात आला. "भोजाई, तुले कोनं विचारलं व्हतं?"

"कोनंच नाही," मी म्हटलं. "म्हनून मीच सांगतलं."

तो पुढं सहा महिने माझ्याशी बोलला नाही. बायका पाणी भरताना माझी घागर मागे सरकवायच्या. कोरासाठी गोरांचं, आपल्याच माणसांचं, नुकसान केलं, म्हणायच्या. नुकसान झालं का ते मला माहीत नाही. रस्ता तेव्हा आला नाही हे खरं. पुढे निवडणुकीच्या वेळी अर्ध्या वाटेपर्यंत मुरूम पडला, तो खड्ड्यांमुळे नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते जातील असं मला वाटलं. मी चहा घेऊन बाहेर आले तर ते तोच कपचा हातात घेऊन बसलेले. म्हणाले, "बाई, सासरा हा दगड आनत कुठून होता?"

हे मला कोणीच विचारलं नव्हतं, मीही स्वतःला विचारलं नव्हतं. डोंगराच्या मागं दोन टेकड्यांमधे सीताफळीची बेचकी आहे, तिथून. सासरा म्हणायचा, तिथला दगड वरचा घेऊ नये, खळग्यातला उकरून घ्यावा. वरच्याला ठिणगी पडत नाही.

ते उठले. फोटोंच्या नळीतून त्या बाजूचे दोन फोटो काढले, घोडीखाली लावले, वाकले आणि तसेच राहिले. मग मान वर केली आणि घोडी माझ्याकडे सरकवली.

"तुम्ही पाहा."

मी पाहिलं. डोळे दुखले, कागद सरकले, डोंगर वर आला. बेचकीत झाडं होती, पण मधेमधे उघडं होतं. त्यांनी एकेक विचारलं आणि मी सांगितलं. ठिपके आहेत का? आहेत, अकरा. नाही, बारा, एक झाडाच्या बुडाशी. कड आहे का? आहे, पांढरी. सगळीकडून सारखी? नाही, उताराच्या बाजूला जास्त. ऊन कोणत्या बाजूचं आहे? मी बेचकीतल्या झाडांच्या सावल्या पाहून सांगितलं. मग ठिपक्यातली सावली कुठं?

"उन्हाच्याच बाजूनं," मी म्हटलं. "खड्डे आहेत साहेब."

"शक्य म्हणा."

"तुम्ही शक्य लिहा. मी पाह्यलं ते सांगते."

आम्ही गेलो. माझे गुडघे आणि त्यांचा डोळा, दोन तासांची वाट चार तासांत झाली. सीताफळीची झुडपं खळग्यांतच दाट होती, गोल गोल, जशी कोणी आळी करून लावावी. ते एका खळग्याच्या कडेला बसले आणि हातानं पाला बाजूला करत राहिले. कपचे निघाले, टोपलीभर. मग त्यांच्या हाताला एक गोटा लागला. नदीत घासून गुळगुळीत झालेला, मुठीत बसणारा, एका टोकाला ठेचून ठेचून खरबरीत झालेला. त्या डोंगरावर नदी नाही. नदी खाली, दोन कोसांवर. त्यांनी तो मला धरायला दिला. माझ्या मुठीत बरोबर बसला.

"हा चालत नसन आला," ते म्हणाले.

"चिलमीसाठी कोणी एवढं वझं आणत नाही," मी म्हटलं.

त्यांनी वही काढली. पेन्सिल काढली. 'शक्य' लिहिलं आणि खाली माझं नाव. गोटा जिथं होता तिथंच ठेवला, पाला परत ओढला. पावसाळा संपल्यावर नागपूरची ती दोन माणसं आली, दिवसभर मापं घेतली, फोटो काढले, एकमेकांशी हळू बोलत होती. अजून खणलेलं नाही. त्यांनीही कागदावर 'शक्य' हाच शब्द लिहिला आहे, असं साहेबांनी पत्रानं कळवलं. अक्षर दुसऱ्याचं होतं, खाली सही वाकडी. त्यानंतर दोन वर्षांनी ते वारले. मी गेले नाही, कळलं तेव्हा तेरावं होऊन गेलं होतं.

मला शेवटचे दिसले ते त्या सातव्या उन्हाळ्यातच, मुकुटबनच्या स्टँडवर. पोचवायला मी गेले होते, कारण डाव्या बाजूची गाडी त्यांना दिसत नव्हती. निघताना घोडी माझ्या पिशवीत घातली. मी नको म्हटलं, मला काय कामाची. ते म्हणाले, घरी नेली तर सून भंगारात देईल, शक्य आहे.

एसटी आली, त्यांना खिडकी मिळाली. मी खाली त्यांच्या डाव्या बाजूला उभी होते, गडबडीत विसरून. ते मान वळवून शोधत होते, मी चार हातांवर, आणि त्यांना दिसत नव्हते. मी गाडीच्या पुढून वळसा घालून पलीकडच्या बाजूला गेले. ड्रायव्हरनं शिव्या दिल्या. पलीकडच्या खिडकीत कोणी बाई होती, तिच्या पलीकडून त्यांचं डोकं दिसत होतं, पण ते अजून मला आधीच्याच बाजूला शोधत होते.

"सोनाबाई," त्यांनी मोठ्यानं विचारलं, "आहात का?"

"शक्य आहे," मी म्हटलं.

तेव्हा त्यांनी बरोबर माझ्याकडे तोंड केलं. हसत होते. गाडी सुटली.